आपलं माणूस मानसोपचार वॉर्डात भरती होतंय? आत्महत्येचा धोका असताना नातेवाइकांनी काय काय करायचं

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आजार आहे, म्हणजे कधी अति उत्साहाचा तर कधी खोल नैराश्याचा काळ येतो. नैराश्याचा काळ आला की त्याच्या मनात आत्महत्येचे विचार येतात, आणि त्यासाठी तो एकाहून अधिक वेळा भरती झालेला आहे. आता तो कामावर जातो, औषधं वेळेवर घेतो आणि हा लेख त्याने वाचून, दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवून मला परत दिला आहे. मानसिक आजार असलेल्यांच्या घरच्यांच्या स्वमदत गटात नव्याने येणाऱ्या घरांचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून सगळं एका जागी लिहून काढते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. भरती झाली की घरचे सुस्कारा सोडतात. ‘आता डॉक्टरांच्या ताब्यात आहे, आता काही काळजी नाही.’ वॉर्डात धोका कमी होतो हे खरं, पण तो संपत नाही. काही ठरावीक वेळी तो पुन्हा वर येतो: भरतीचे पहिले दिवस, कर्मचाऱ्यांची पाळी बदलण्याची वेळ, रजेवर घरी येणं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे डिस्चार्जनंतरचे दिवस. या वेळा घरच्यांना आधीच ठाऊक असल्या तर पुष्कळ काही करता येतं.

तुम्ही आत्ता या क्षणी अडचणीत असाल, स्वतःसाठी किंवा दुसऱ्या कुणासाठी, तर वाचन बाजूला ठेवा. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. ती चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जिवाला धोका असेल तर १०८ किंवा ११२.

१. विचारा, आणि सरळ शब्दांत विचारा

‘काही वेडंवाकडं तर मनात नाही ना तुझ्या?’ असं बहुतेक घरांत विचारलं जातं. या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर हवंय, हे समोरच्याला लगेच कळतं आणि तो तेच देतो. त्यापेक्षा असं विचारा: ‘जगू नये असं वाटतंय का? स्वतःचा जीव घ्यायचे विचार येतात का?’ उत्तर ‘हो’ असेल तर पुढे विचारा, किती वेळा येतात, कधीपासून, काही ठरवलं आहे का.

असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरतो, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. यावर बराच अभ्यास झाला आहे आणि तसं होत नाही हे स्पष्ट झालेलं आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून मोकळं वाटलं, असं रुग्ण स्वतः सांगतात.

उत्तर ऐकल्यावर रागावू नका, शपथ घालू नका, ‘आमचा तरी विचार कर’ म्हणू नका. तो आधीच स्वतःला तुमच्यावरचा बोजा समजत असतो, त्यात ही भर पडते. ‘बरं झालं सांगितलंस. आपण डॉक्टरांकडे जाऊ, मी बरोबर आहे,’ एवढं पुरेसं आहे. आणि त्या क्षणापासून त्याला एकटं ठेवू नका.

२. कुठे न्यायचं

स्वतःला इजा करून घेतली असेल किंवा काही घेतलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ शोधत बसू नका. जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. घरी मिठाचं पाणी पाजून उलट्या काढण्याचा प्रयोग करू नका, त्याने जीव जास्त धोक्यात येतो. जे घेतलं असेल त्याचं पाकीट किंवा बाटली सोबत न्या.

अशा केसमध्ये रुग्णालय पोलिसांना कळवतं, एमएलसी (पोलिसांकडे नोंद होणारी वैद्यकीय केस) होते. त्या भीतीने पेशंट घरीच ठेवणारी किंवा डॉक्टरांना खोटं सांगणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणाऱ्या जुन्या दंड विधानातल्या ३०९ कलमासारखं सरसकट शिक्षेचं कलमच उरलेलं नाही. (सरकारी नोकराला भाग पाडण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचं वेगळं कलम आहे, तो विषय निराळा.) पोलीस जबाब घेतील. शांतपणे खरं ते सांगा.

इजा नसेल आणि फक्त धोका असेल तर पर्याय असे: सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला मानसोपचार विभाग, जिल्हा रुग्णालयातला मनोविकार कक्ष, खासगी मानसोपचार रुग्णालय, किंवा ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं. गोव्यातल्या लोकांसाठी बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. निघण्याआधी फोन करून बेड आहे का, आणि सोबत नातेवाइकाने राहणं सक्तीचं आहे का, हे दोन्ही विचारा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर तुमचे पुढचे कित्येक दिवस ठरणार आहेत.

३. सोबत काय न्यायचं

कागद:

– रुग्णाचं आणि सोबत येणाऱ्याचं आधार कार्ड, प्रत्येकी दोन झेरॉक्स
– रेशन कार्ड आणि आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर ते (मानसिक आजाराचं पॅकेज त्या रुग्णालयात मिळतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला विचारा)
– आरोग्य विम्याची पॉलिसी. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण देणं २०१७ च्या त्याच कायद्याने बंधनकारक आहे, कलम २१
– जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट
– चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, साखर-बीपीच्यासुद्धा

बॅग साधी ठेवा. इलॅस्टिकचे कपडे, पायात सँडल किंवा चपला, प्लॅस्टिकचा कंगवा, टॉवेल. पट्टे, नाड्या, ओढण्या, दाढीचं सामान, काचेच्या वस्तू, चार्जरच्या वायरी, औषधं, लायटर घरीच ठेवा. प्रत्येक वॉर्डाची स्वतःची यादी असते, ती मागून घ्या.

आमच्या वेळी वॉर्डातल्या मावशींनी बॅग पलंगावर उलटी केली आणि एकेक वस्तू बाजूला काढली. खोबरेल तेलाची बाटली काचेची होती. ती परत न करता त्यांनी स्वतः जाऊन एक प्लॅस्टिकची डबी आणली, तेल तिच्यात ओतलं आणि भावाला म्हणाल्या, ‘डोक्याला लावत जा रोज, मी बघणार आहे.’ झडती घेतली जात असताना भाऊ मान खाली घालून बसला होता, ते वाक्य ऐकून त्याने वर पाहिलं. झडती अपमानाची वाटू शकते, म्हणून ती कशासाठी आहे ते आपल्या माणसाला आधीच सांगून ठेवा. पुढच्या प्रत्येक भेटीत तुमच्याही पिशवीची तपासणी होईल. ती झाली नाही तर स्वतःहून दाखवा.

४. भरतीच्या कागदावर सही करण्याआधी

गडबडीत सह्या होतात आणि नंतर कुणालाच आठवत नाही कशावर केल्या. दोन प्रकार लक्षात ठेवा. (इथली आणि पुढची सगळी कलमं मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ची.)

पहिला, स्वतंत्र भरती, कलम ८६. रुग्ण स्वतःच्या संमतीने येतो, स्वतः सही करतो आणि स्वतः जायचं म्हणू शकतो. तो जायचं म्हणाला आणि डॉक्टरांना धोका वाटला तर त्याला २४ तासांपर्यंत थांबवून पुन्हा तपासता येतं (कलम ८८). तो ‘मला घरी जायचंय’ म्हणतोय असं तुम्हाला कळलं, तर त्याच क्षणी डॉक्टरांना तुमची काळजी सांगा. हे २४ तास हाच निर्णयाचा काळ असतो.

दुसरा, आधाराने केलेली भरती, कलम ८९. धोका गंभीर आहे आणि त्या अवस्थेत रुग्णाला स्वतःचा निर्णय घेणं जमत नाही, तेव्हा नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून ही होते. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर, असे दोघं स्वतंत्रपणे तपासतात. मुदत ३० दिवसांपर्यंत. त्यापुढे ठेवायचं तर कलम ९० ची वेगळी प्रक्रिया आहे. मानसिक आरोग्य मंडळाला (अशा भरत्यांवर देखरेख ठेवणाऱ्या, कायद्याने नेमलेल्या मंडळाला) कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची, तुमची नाही.

नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणजे कोण, यावर घराघरांत रुसवेफुगवे होतात. रुग्ण बरा असताना साध्या कागदावर लिहून, सही करून कोणत्याही सज्ञान व्यक्तीला नेमू शकतो. ती व्यक्ती नात्यातलीच हवी असं नाही. नेमलेलं नसेल तर कायद्याच्या क्रमाने नातेवाईक येतात. भावाने मला नेमलं, वडिलांना नाही, आणि वडिलांना त्याचं वाईट वाटलं. तरी ज्याच्याशी रुग्ण खरं बोलतो तीच व्यक्ती इथे हवी, असं माझं ठाम मत आहे.

रुग्ण १८ वर्षांखालचा असेल तर प्रतिनिधीने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने पूर्ण वेळ सोबत राहणं बंधनकारक आहे, आणि मुलांना मोठ्यांच्या वॉर्डात ठेवता येत नाही.

५. हिस्ट्री देताना काहीही झाकू नका

पहिली मुलाखत बहुतेकदा निवासी डॉक्टर घेतात. त्यांना वेळ कमी असतो आणि रुग्ण गप्प असतो, म्हणून तुमच्या तोंडून जे निघेल तेच केसपेपरवर येतं. पुढच्या प्रत्येक पाळीतली सिस्टर तोच केसपेपर वाचणार. जे लिहिलं गेलं नाही ते त्यांच्या दृष्टीने घडलेलंच नाही.

म्हणून निघण्याआधी एका कागदावर लिहून न्या: यापूर्वी प्रयत्न केला होता का, कधी, घरात आणखी कुणी आत्महत्या केली आहे का, दारू किंवा इतर नशा, अलीकडे काय गमावलं (नोकरी, नातं, पैसा, माणूस), कर्ज आणि वसुलीचा तगादा, झोप किती, कुणाला निरोपासारखं काही बोलला का, चिठ्ठी लिहिली का, वस्तू वाटल्या का. आवाज ऐकू येत असतील तर ते आवाज काही ‘करायला’ सांगतात का, हे डॉक्टरांना विचारायला लावा. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि कुटुंबाला तो सहसा सुचत नाही.

‘आमच्या घरात असलं काही नाही’ हे वाक्य मी वॉर्डाच्या दारात कितीदा तरी ऐकलं आहे. मामांनी किंवा आत्याने जीव दिला होता ही गोष्ट तीस वर्षं झाकलेली असते, त्यामुळे ती इथेही झाकली जाते. लग्नाच्या मुलीसाठी, गावासाठी, भाऊबंदांसाठी झाकलेली गोष्ट डॉक्टरांपासून झाकू नका. ते रुग्णाची माहिती गोपनीय ठेवायला कायद्याने बांधलेले आहेत. रुग्णासमोर बोलायचं नसेल तर ‘मला पाच मिनिटं वेगळी हवीत’ असं सांगा.

६. पहिल्याच दिवशी सिस्टर-इन-चार्जना विचारायचे प्रश्न

– याच्यावर लक्ष कोणत्या पातळीचं आहे? सतत कुणीतरी जवळ, की ठरावीक वेळाने फेरी?
– ही पातळी कोण बदलतं, आणि बदलली तर मला कळेल का?
– बेड नर्सिंग स्टेशनसमोर मिळेल का?
– संडास-बाथरूमला आतून कडी आहे का? बाहेरून उघडता येते का?
– रात्री किती कर्मचारी असतात?
– मला काही खटकलं तर कुणाला सांगायचं, आणि रात्री कुणाला?

प्रश्न आवाज न चढवता विचारा. एका सिस्टरकडे पुष्कळ बेड असतात आणि तिलाही तुमची मदत हवी असते.

इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठात १९९६ पासून मानसोपचार घेत असलेल्या रुग्णांच्या आत्महत्यांची देशव्यापी चौकशी सतत चालू आहे. वॉर्डाच्या रचनेतल्या धोकादायक जागा काढून टाकल्यावर आणि डिस्चार्जनंतर लवकर पाठपुरावा सुरू केल्यावर मृत्यू कमी झाल्याचं त्यातून दिसलं. म्हणजे खोलीची रचना आणि नंतरचा एक फोन, दोन्हींनी जीव वाचतात. तुम्हाला वॉर्डात काही धोकादायक दिसलं, तुटलेली खिडकी, उघडी वायर, गच्चीचं न लावलेलं दार, तर तोंडी सांगा आणि अधीक्षकांच्या नावे दोन ओळींचा अर्जही द्या. पोच घ्या.

बांधून ठेवण्याबद्दल: तात्काळ आणि मोठा धोका टाळायचा दुसरा कोणताच मार्ग नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि अगदी आवश्यक तेवढाच वेळ रुग्णाला शारीरिकरीत्या रोखता येतं (कलम ९७). कर्मचारी कमी आहेत म्हणून किंवा शिक्षा म्हणून नाही. प्रतिनिधीला २४ तासांत कळवावं लागतं. एकट्याला कोंडून ठेवायला पूर्ण मनाई आहे.

७. सोबतीला तुम्ही राहणार असाल तर

आपल्याकडच्या बऱ्याच वॉर्डांत रात्रंदिवस लक्ष ठेवणारा माणूस म्हणजे नातेवाईकच असतो. कुणी शिकवत नाही, पण जबाबदारी येते. म्हणून हा भाग जरा सविस्तर.

एकट्याने निभावू नका. घरातले, मित्र, चुलतभाऊ अशा किमान तिघांची पाळी लावा. रात्रीच्या पाळीला दिवसभर झोप झालेला माणूसच पाठवा. दमलेल्या माणसाचा डोळा पहाटे लागतो, आणि दिवस उजाडण्याआधीच्या त्या वेळेला वॉर्डातही माणसं कमी असतात. पाळी बदलताना निरोप तोंडी देऊ नका. शंभर पानी वही ठेवा आणि तिच्यात लिहा: काय खाल्लं, किती झोपला, काय बोलला, कोण भेटून गेलं. भावाच्या वहीत चुलतभावाने एका रात्री लिहिलं होतं, ‘३ ते ५ येरझाऱ्या. बसवत नाही म्हणतो. पाय हलत राहतात.’ सकाळच्या राउंडला ते दाखवलं आणि डॉक्टरांनी लगेच ओळखलं, तो अकॅथिसिया होता, एका औषधाचा दुष्परिणाम. औषध बदललं. ही तगमग इतकी असह्य असते की तिच्यामुळे जीव द्यावासा वाटू शकतो. घरच्यांना मात्र ती ‘आजार वाढलाय’ किंवा ‘नाटकं करतोय’ अशी दिसते. पाय स्थिर राहत नसतील तर सकाळची वाट पाहू नका.

बाथरूमला जाताना दारापाशी उभे राहा आणि बोलत राहा. ‘मी बाहेरच आहे, पाणी गरम आहे का?’ एवढं चालतं. ‘कडी लावू नको’ असं आधीच मोकळेपणाने ठरवून घ्या. गुपचूप पहारा दिला तर विश्वास जातो, आणि विश्वास गेला की माणूस बोलायचा थांबतो. भावाच्या शब्दांत सांगायचं तर, सतत टक लावून बसलेला माणूस नकोसा होतो, शेजारी बसून पेपर वाचणारा चालतो.

गोळी सिस्टरसमोर गिळली जाऊ द्या. त्या तोंड उघडून बघतात, पाणी प्यायला लावतात, मध्ये पडू नका. पलंगाखाली, उशीत, खिशात गोळी सापडली तर ओरडू नका, सिस्टरला सांगा.

चहाला खाली जायचं असेल तर आधी सिस्टरला सांगून जा. ‘शेजारच्या पेशंटच्या आईला सांगितलंय’ हे पुरत नाही, त्या माउलीला स्वतःच्या मुलाचं बघायचं असतं.

आणि रुग्ण तुमच्याकडे काही बोलला, ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणून बोलला, तरी ते डॉक्टरांपर्यंत गेलंच पाहिजे. तसं त्याला तोंडावर सांगा: ‘हे मी पोटात ठेवणार नाही, आपण दोघं मिळून सांगू.’ भाऊ तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. आज तो म्हणतो की ते बरोबर होतं.

८. या खुणा दिसल्या की लगेच सांगा

अचानक आलेला शांतपणा सगळ्यात फसवा. कालपर्यंत रडणारा माणूस आज हसतोय, सगळ्यांची माफी मागतोय, बँकेचे कागद कुठे आहेत ते सांगतोय, आणि औषध सुरू होऊन जेमतेम चार दिवस झालेत. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. इतक्या लवकर असा फरक पडला तर आनंदाने पेढे वाटण्याआधी डॉक्टरांना सांगा. अंगात ताकद आधी येते आणि मनातली निराशा मागाहून जाते, हाही एक धोक्याचा टप्पा असतो. २५ वर्षांखालच्या रुग्णांत या गोळ्या सुरू करताना किंवा डोस बदलताना विशेष लक्ष ठेवायला सांगितलं जातं.

बाकीच्या खुणा: रात्रभर जाग, ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ असं पुन्हा पुन्हा म्हणणं, जेवण सोडणं, वस्तू देऊन टाकणं, एकांत शोधणं, डिस्चार्जची अवाजवी घाई. बाहेरून आलेली वाईट बातमीही यातच धरा: घटस्फोटाची नोटीस, निकाल, बँकेचा फोन. अशी बातमी रुग्णाला द्यायचीच असेल तर डॉक्टरांशी बोलून, दिवसा, कुणीतरी सोबत असताना द्या. भेटायला येणाऱ्यांनाही हे आधी बजावून ठेवा, आपल्याकडे भेटायला येणारे पलंगावर बसून सगळ्या गावच्या बातम्या सांगतात.

वॉर्डात दुसऱ्या रुग्णाने काही करून घेतलं तर तो दिवस आणि पुढचे काही दिवस तुमच्या माणसासाठीही जोखमीचे आहेत. त्याच्याशी त्यावर बोला.

९. मधेच रजेवर घरी न्यायचं असेल तर

सणाला, लग्नाला, श्राद्धाला म्हणून दोन दिवस सोडा, अशी विनंती आपण करतो. कायद्यात रजेची सोय आहे (कलम ९१) आणि कधीकधी ती उपचाराचाच भाग असते. पण ती डॉक्टरांनी ठरवलेली असावी, पाहुण्यांच्या आग्रहाने घेतलेली नसावी. लग्नघरात कुणाचंच कुणाकडे लक्ष नसतं. नेण्याआधी घर आवरा (कसं ते पुढच्या पायरीत आहे), औषधं मोजून घ्या, चोवीस तास सोबत कोण ते नावानिशी ठरवा आणि वॉर्डाचा थेट नंबर घ्या. बिनसतंय असं वाटलं तर रजा संपायच्या आधीच परत या.

१०. डिस्चार्ज: इथे घाई नको

मँचेस्टरच्या त्याच चौकशीत दिसलं की डिस्चार्जनंतर पहिला आठवडा सर्वाधिक धोक्याचा, आणि त्यातही तिसऱ्या दिवशी मृत्यू सर्वाधिक. म्हणूनच इंग्लंडच्या सरकारी सेवेत डिस्चार्जनंतर ७२ तासांच्या आत रुग्णाशी संपर्क साधायचा दंडक आहे. आपल्याकडे एका रुग्णालयाने आम्हाला शुक्रवारी संध्याकाळी महिन्याभराच्या गोळ्या हातात देऊन ‘महिन्याने या’ म्हणून सोडलं होतं. तुमच्या बाबतीत असं होऊ देऊ नका. डिस्चार्जचं नियोजन रुग्णाशी, प्रतिनिधीशी आणि कुटुंबाशी बोलून करायचं, असं कलम ९८ सांगतं. ते तुम्ही मागू शकता.

निघण्याआधी हातात काय हवं:

– डिस्चार्ज कार्ड, निदान आणि औषधांसह, वाचता येईल अशा अक्षरात
– फॉलोअपची तारीख, शक्यतो आठवड्याच्या आत, तारीख आणि वेळ लिहिलेली
– गोळ्या आठवड्याभराच्याच, जास्त नाहीत
– अडचणीला करायचा फोन नंबर, रात्रीसाठीचाही
– लिहिलेली सुरक्षा योजना

सुरक्षा योजना म्हणजे रुग्णाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं एक पान. वाईट विचार यायला लागल्याच्या माझ्या खुणा कोणत्या. तेव्हा मी एकटा काय करू शकतो. कुठे जाऊन बसू शकतो. कुणाला फोन करेन. कोणत्या डॉक्टरांना, कोणत्या नंबरवर. घरातलं काय दूर ठेवायचं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत अपघात विभागात आलेल्या रुग्णांना अशी योजना करून दिली आणि नंतर फोन करत राहिले, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन ४५ टक्के कमी दिसलं. हा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. खर्च एका कागदाचा आणि अर्ध्या तासाचा. डॉक्टर किंवा समुपदेशक करून देत नसतील तर मागा.

भावाचं पान त्याने पॅथॉलॉजीच्या रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिलं आहे. ‘कुणाला फोन’च्या पुढे पहिलं नाव माझं असेल असं मला वाटलं होतं. तिथे शाळेतल्या एका मित्राचं नाव आहे, त्यानंतर आत्याचं, मग माझं. ते तसंच ठेवलं. योजना ज्याची, क्रम त्याचा.

घर आवरणं डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच उरका. सगळ्यांच्या औषधांची एक पेटी, तिला कुलूप, किल्ली एकाकडे. आजीच्या जुन्या गोळ्या, उरलेल्या बाटल्या काढून टाका. शेतकरी घर असेल तर फवारणीची औषधं घरात आणि गोठ्यात अजिबात नकोत, शेजाऱ्याकडे किंवा कुलपात ठेवा. हा सगळ्यात महत्त्वाचा एक बदल आहे. विचार कितीही तीव्र असला तरी त्याची लाट ओसरते, आणि त्या वेळात हाताशी काही नसणं यानेच कित्येक माणसं वाचतात. गच्चीची किल्ली, परवान्याचं शस्त्र असेल तर ते, याचाही बंदोबस्त करा. सगळं रुग्णाला सांगून करा.

११. घरी आल्यावरचा पहिला महिना

पहिले सात दिवस कुणीतरी घरात राहील असं बघा. तिसऱ्या दिवशी मुद्दाम वेळ काढून पहिल्या पायरीतला प्रश्न पुन्हा, त्याच सरळ शब्दांत विचारा. नातेवाइकांची रीघ थांबवा. ‘कसं काय झालं रे तुला?’ असं विचारणाऱ्यांना दारातूनच चहा देऊन वाटेला लावलं तरी चालेल.

कामावर परत कधी जायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. पैशाचा प्रश्न टाळू नका, कर्ज असेल तर बँकेत तुम्ही जा. गोळ्या समोर द्या. ‘आता बरा आहे’ म्हणून गोळ्या बंद करणं हे परत भरती होण्याचं नेहमीचं कारण आहे. काही औषधांचा डोस रक्त तपासून ठरवावा लागतो, ती तपासणी चुकवू नका.

फॉलोअपला रुग्णासोबत आत जा, वही घेऊन. तारीख चुकली तर त्याच दिवशी फोन करून दुसरी घ्या.

स्वतःची झोप आणि जेवण सांभाळा. टेलिमानसला नातेवाईकही फोन करू शकतात, त्यासाठी रुग्ण शेजारी असावा लागत नाही. मी केला आहे, रात्री, गॅलरीत उभं राहून, आणि पलीकडच्या व्यक्तीने पुढच्या दोन दिवसांत काय करायचं ते मला नीट क्रमाने सांगितलं.

परत भरतीची वेळ आलीच तर फाईल तयार असू द्या: वर सगळ्यात नवीन डिस्चार्ज कार्ड, मग सुरक्षा योजनेची झेरॉक्स, मग प्रतिनिधी नेमल्याचा कागद, त्याखाली रिपोर्ट आणि वही. ती कुठे ठेवली आहे हे घरातल्या किमान दोघांना माहीत असावं.